ताडावरचा फोन

झरी पाड्यावर रेंज मिळते ती एकाच जागी, टेकाडावरच्या ताडाखाली. म्हणून पाड्यावरची माणसं रानात जाताना फोन पिशवीत घालून त्या ताडाला ठोकलेल्या खिळ्यांना अडकवतात आणि परतताना घेऊन जातात. चोरीबिरी? छे! आजवर कुणी कुणाच्या पिशवीला हात लावला नव्हता.

हे प्राजक्ताला नाही ठाऊक असणार, तर कुणाला? ती त्याच पाड्यावरची पोर, आता डहाणूच्या एका कंपनीत अ‍ॅप बनवते. झरीतल्या दगडखाणीसाठी घरोघरची संमती घ्यायचं अ‍ॅप तिच्याकडे आलं, तेव्हा तिनेच हट्ट धरला, की माणसाला ओटीपी एकदाच विचारा. मग सर्व्हर कुकी देईल, आणि पुढे दर वेळी फोनने ती कुकी दाखवली की आत. जत्रेत पाळण्याच्या फाटकावर हातावर शिक्का मारतात ना, तसं. "सर, महिनाभर तरी तो शिक्का पुसू नका, आमच्याकडे घरात ओटीपी पोचत नाही," म्हणून ती कंपनीच्या दिपक सरांशी भांडली होती. आपल्या माणसांची सोय केली म्हणून मिरवलीही होती, कशाला खोटं बोला!

आणि आता पाड्यावरची जिवलीकाकी तिच्या टेबलासमोर उभी होती. तलासरीमार्गे बसने धक्के खात आलेली, हातात ताडाला लटकणारा तिचा फोन.

"प्राजू, मी कधी हो म्हटलं गं? माझी नाचणीची जमीन आहे ती. एका घराने नाही म्हटलं तरी खाण होत नाही, असं तूच सांगितलंस ना? मी नाहीच म्हणणार होते."

प्राजक्ताने स्क्रीनवर पाहिलं. जिवलीच्या नावापुढे परवाच्या तारखेने 'संमती' पडली होती.

"त्या दिवशी ताडाखाली कोण होतं, काकी?"

"तुझा बाप."

प्राजक्ता जिन्यात गेली आणि बाबांना फोन लावला. बाप, बारक्या, नेमका ताडाखालीच होता. त्याने आडवळण घेतलंच नाही. "मीच तिच्या फोनवर 'हो' दाबलं. तिला काय कळतंय? सुदामला खाणीवर सुपरवायझर करणार आहेत. तुझा सख्खा भाऊ आहे तो. गप बस आता."

ती परत आली तोवर काकी दिपक सरांसमोर बसली होती. सर काही वाईट माणूस नव्हता. त्यांनी सरळच विचारलं, "प्राजक्ता, कुकी खरी होती?"

"खरी होती."

"मग सर्व्हरच्या दृष्टीने त्या बाईंनीच दाबलं. यांना नुसता संशय आहे, पण दुसऱ्या कुणी दाबल्याचं तुला नक्की माहीत असेल तर नाव सांग. मी आत्ता थांबवतो. संध्याकाळी सगळ्यांच्या संमत्या पुढे जातील, मग माझ्या हातात काही नाही."

काकी तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप आला की हिनेच पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलेलं. आणि तिकडे बाप, सुदाम, आईचे भरून आलेले डोळे.

"मला नाही माहीत, सर," ती म्हणाली.

आतून मेली ती त्या क्षणी, आणि ते तिचं तिलाच कळलं.

जिवलीकाकी उठली, पदर खोचला. दारात प्राजक्ता मागे धावली, "काकी, पुढच्या वेळी दर संमतीला ओटीपी विचारायला लावते मी, आजच..."

"पुढच्या वेळी कसली जमीन राहिली आहे माझी?" काकीने फोन तिच्या हातात ठेवला. "हा ठेव तुझ्याकडेच. तुमचं मशीन मला ओळखत नाही, याला ओळखतं. पण तू तर ओळखत होतीस ना गं?"

ती बस पकडायला निघून गेली. प्राजक्ता दारातच उभी राहिली. अंगठा लागून फोन उजळला. अ‍ॅप उघडंच होतं.

'नमस्कार, जिवलीबाई,' त्यावर लिहिलं होतं.