बिनफटीची पेटी

मिस्त्रींनी झाकण पेटीच्या तोंडावर अलगद टेकवलं आणि दोन्ही हात काढून घेतले. झाकण पडलं नाही. आतल्या हवेवर तोललेलं ते पोटभर जेवलेल्या माणसाने खुर्चीत टेकावं तसं सावकाश खाली उतरलं आणि कडेला कड मिळवून बसलं.

“बघितलंस?” ते सुनेला म्हणाले. “सुई घालून बघ, जाते का कुठे.”

“सुरेख झालंय, बाबा.” सून जरा घुटमळली. “वरती थोडी जाळी बसवली असती तर…”

“जाळी? मग बाजारातून पिंजराच आणायचा होता की!”

सून नुसती हसली.

कोंबडीची पिल्लं घरी वाढवायची हौस तिची. पहिल्या खेपेची पिल्लं तिने पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली होती. खोक्याच्या फटींतून गार वारा शिरला आणि ती एकेक करत सगळी गेली. ही खेपही गेली तर पुन्हा पिल्लांचं नाव काढणार नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलेलं मिस्त्रींच्या कानावर पडलं होतं. त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून जुना सागवान खाली उतरवला.

दुसरंही एक कारण होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. गल्लीच्या टोकाला राहणारा सुतार काटकोन तपासायचा गुण्या कायम खिशात बाळगायचा आणि न विचारता दुसऱ्याच्या कामाला लावून बघायचा. म्हणून त्याचं नावच गुण्या पडलेलं. मिस्त्रींचा हात आता थरथरतो, अशी वावडी त्यानेच उठवली होती. हात अगदी ठणठणीत होता. सुतारकामाचं दुकान बंद केलं ते दुखऱ्या गुडघ्यांपायी. पेटी तयार होताच मिस्त्रींनी त्याला निरोप धाडला, सवडीने येऊन बघून जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं आली. सुनेने पेटीत भुसा पसरला, पाण्याची वाटी ठेवली, एका बाजूला बल्ब लावला. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने झाकण सोडलं आणि ते उतरताना बघायला बायकोलाही चुलीपुढून उठवून आणलं.

थोड्या वेळाने पाहतात तो झाकण अर्धवट वर, आणि फटीत स्वयंपाकघरातलं उलथनं अडकवलेलं! मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी उलथनं काढलं, झाकण नीट बसवलं आणि चहा प्यायला गेले. परत आले तर उलथनं पुन्हा जागेवर.

“सूनबाई, हा काय प्रकार आहे?”

“काही नाही, बाबा. सारखं बघावंसं वाटतं त्यांना.”

“बघायचं असतं तर झाकण काढून बघितलं नसतं तिने?” आतून बायकोचा आवाज आला. “माझं उलथनं कशाला अडकवेल? जरा आत डोकावा की तुम्ही पण.”

मिस्त्रींनी झाकण उचललं. गरम हवेचा भपकारा तोंडावर आला. पिल्लं बल्बपासून जमेल तेवढी लांब पळून कडेला चिकटली होती. चोची उघड्या, पंख लोंबलेले. नुसत्या धापा टाकत होती. एकाने तर मान टाकली होती.

मिस्त्रींची कानशिलं तापली. ज्या झाकणाचं कौतुक सकाळपासून चाललं होतं, तेच पिल्लांचा जीव घेत होतं. पोरीने पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. मग आपलं मन दुखवू नये म्हणून उलथनं अडकवत बसली.

“जन्मभर फटी बुजवल्यात,” बायको दारात येऊन म्हणाली, “आता एक पाडा.”

“किती भोकं पाडू?” मिस्त्रींनी सुनेला विचारलं.

“भोकांनी भागायचं नाही, बाबा. मधला सगळा तुकडा काढून जाळी मारावी लागेल.”

मिस्त्रींनी झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. “आख.”

“मी?”

“मग कोण? हवा किती लागते ते तुला ठाऊक.”

तिने घाईघाईत चार रेघा मारल्या. त्यातली एक चांगलीच तिरकी गेली. मिस्त्रींचा हात सवयीने पट्टीकडे वळला आणि पट्टीला न शिवताच मागे आला. त्यांनी करवत घेतली आणि तिने आखलं होतं अगदी तस्सं कापलं. रेघेवरून पातं केसभरही हललं नाही.

जाळी बसली. मान टाकलेल्या पिल्लाला सुनेने बोटाच्या टोकाने पाणी पाजलं आणि ते पायावर उभं राहीपर्यंत ती तिथून हलली नाही. हळूहळू पिल्लं पेटीभर पांगली, दाणे टिपू लागली. सुनेचा चेहरा असा फुलला की मिस्त्रींना सागवानाचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

दुपारी गुण्या आला. पेटीच्या कडांवर बोट फिरवून त्याने नाइलाजाने मान डोलावली. मग झाकणातल्या जाळीच्या चौकोनाला गुण्या लावला आणि त्याचे डोळे चमकले.

“ही कड तिरकी आहे, मिस्त्री. हात थरथरतो म्हणत होतो, ते काही उगाच नव्हतं.”

सून पुढे झाली. “काका, ती रेघ तर…”

“थरथरतो,” मिस्त्री मध्येच म्हणाले. “वय झालं आता. तुझं खरं आहे.”

गुण्या गडबडला. इतक्या वर्षांत मिस्त्रींनी त्याचं एक अक्षर मान्य केलं नव्हतं. सून सासऱ्यांकडे बघतच राहिली.

“कड राहू दे. आत बघ,” मिस्त्री म्हणाले. “एकही दगावलं नाही. माझ्या झाकणाने गुदमरत होती. ते मला कळलं नाही, हिला कळलं. सून आहे आमची!”

शेवटचं वाक्य त्यांनी उघड्या दाराकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.