कॅप्टनच्या घरचं मीठ

कॅप्टन वुकाशिनला हेगच्या कोर्टात पोचवला कोणी? मी. या गाव्रोनं. नका ठेवू विश्वास, खुद्द न्यायाधीशांचासुद्धा बसला नव्हता.

"झालं सुरू!" हाकियानं आपलं स्टूल शेगडीजवळ ओढलं. "परवा तू द्रिना नदीतल्या माशाला लगाम घातला होतास."

"मासा खरा होता. लगाम तेवढा जरा वाढवून सांगितला."

झुम्राच्या वाणसामानाच्या दुकानात, दारालगतच्या बाकावर मी बसलो होतो. ती तराजूच्या काट्यामागे आमच्यासाठी कॉफी ढवळत होती. कॅप्टनचं नाव निघालं तसा तिचा चमचा थांबला. थांबणारच. युद्धाच्या उन्हाळ्यात तिचा नवरा रमिझ आणि मुलगा एनेस, दोघांना कॅप्टननं ट्रकमध्ये चढवून नेलं, ते नेलंच. त्याला फासावर द्या, असं ती कधी म्हणाली नाही. तिचं मागणं एवढंच, की कोणीतरी त्याला समोर उभा करा आणि विचारा, दोघांना पुरलंस कुठे.

आता विचारणार कोण? हेगहून वॉरंटावर वॉरंट येतं. आमचे इन्स्पेक्टर तिहोमिर ते वाचतात, नीट घडी घालतात आणि झुम्राला सांगतात, "बाई, शोध चालू आहे." कसला बोडक्याचा शोध! कॅप्टन कुठे झोपतो ते गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. वर्षभर तो आज या सोयऱ्याकडे, उद्या त्या मेहुण्याकडे. पण संत लुकाच्या दिवशी त्याला स्वतःच्या घरी यावंच लागतं. त्याच्या कुळाच्या संताचा दिवस, मेणबत्ती कर्त्या पुरुषानंच लावायची. त्या दिवशी आमंत्रण कोणाला नसतं, आणि आलेल्याला माघारी धाडायचं नसतं. म्हणून साहेबही दर लुकाला गाडीभर पोलीस घेऊन जातात. उंबऱ्यावर कॅप्टनची बायको पाव आणि मीठ पुढे करते. साहेब टोपी काढतात, तुकडा मिठाला लावतात, तोंडात टाकतात. संपलं! ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या हातात बेड्या कशा घालायच्या? मग बसतात, खातात, पितात आणि परतल्यावर लिहितात : संशयित आढळला नाही.

"एकदा मी गेले होते त्यांच्या मागोमाग," झुम्रा म्हणाली. "फाटकाबाहेरून ओरडले, साहेब, तो बघा, तुमच्याच पेल्यात ओततोय! तर म्हणाले, कोण? मला तर नुसती बाटलीच दिसतेय."

"तेच तर! मलाही वीट आला त्याचा. म्हणून गेल्या लुकाला मी पहाटेच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो."

"कुठून?" हाकिया म्हणाला. "धुराड्यातून?"

"धुराड्यातूनच. तेव्हा बारीक होतो."

"गेल्या वर्षी?"

"अरे, ऐकशील की नाही! मिठाच्या बरणीत साखर भरली. लोणच्याचा कोबी नदीत खळबळून आणला. चीज धुतलं. डुक्कर भाजायला टांगलं होतं, त्याचं मीठ जिभेनं चाटून काढलं."

"अख्ख्या डुकराचं?"

"म्हणून तर अजून तहान भागत नाही. झुम्राताई, होऊ दे कॉफी."

मग साहेब आले. टोपी काढली, तुकडा बुडवला, तोंडात टाकला, आणि चेहरा असा झाला, जणू सासूनं पापा घेतला. आत बसले. सूप अळणी. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, तोही अळणी. मी हळूच त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, "साहेब, या घरच्या मिठाचा कणसुद्धा अजून तुमच्या पोटात गेलेला नाही. आता काय सबब सांगणार?"

साहेब रडकुंडीला आले. उठून चुलीमागे बघतात, फडताळात बघतात, शेवटी टेबलाखाली रांगले. मीठ कुठेच सापडेना! मग करतात काय? सुस्कारा सोडला आणि घातल्या बेड्या. कॅप्टन ओरडतोय, "अहो, हातातली मेणबत्ती तरी ठेवू द्या!" तसाच मेणबत्तीसकट गाडीत कोंबला, तसाच विमानात. शेजारी मी, ज्योत विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून.

"विमानात मेणबत्ती चालते?"

"कुळाच्या संताची चालते. मी हवाई सुंदरीला विचारलं ना."

हाकिया मांडी थोपटून हसत होता आणि माझ्याही अंगात आलं होतं. हेगची ती न्यायाधीशबाई मी उभा राहून दाखवली : ही अशी उंच, चष्मा नाकाच्या टोकावर. "तिनं कागदांचा ढीग असा बाजूला सारला. म्हणाली, हे सगळं मागाहून. आधी सांग, रमिझ आणि एनेस कुठे आहेत?"

हाकियाचं हसू थांबलं. झुम्रानं भांडं शेगडीवरून उतरवलं.

"मग?" ती म्हणाली. "काय म्हणाला तो?"

इथे माझी जीभ अडली. मासा, डुक्कर, मेणबत्ती, मला हवं ते सुचतं. ही एक जागा सुचेना. खरं तर सुचायला काय, दारातून समोर डोंगर दिसत होते. खाण आहे, जुनी गिरणी आहे, अक्रोडाची राई आहे. पण कुठलंही एक नाव घेतलं असतं, तर ही बाई उद्या दुकानाला कुलूप लावून फावडं घेऊन तिथे गेली असती.

"म्हणाला... म्हणजे, त्याचा आवाज बसला होता गं. साखर खाऊन खाऊन..."

झुम्रानं कप माझ्यासमोर ठेवला.

"खोटं बोलतोस, गाव्रोभाऊ," ती म्हणाली. "उद्या लुका. त्याची बायको आज सकाळीच माझ्याकडून मीठ घेऊन गेलीय."