रेणुकेचा धाकटा

रेणुकादास वकील नवरात्रात बोलायला उभे राहिले की नांदेडच्या देवीच्या देवळात पाय ठेवायला जागा मिळायची नाही. निजामाच्या अदालतीत हा माणूस उर्दू असं बोलायचा की मुन्सफानं मान डोलवावी, आणि देवळात मराठी असं की बायकांच्या हातातल्या वाती वळायच्या राहून जाव्यात. पुराणातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ उलगडून दाखवायचा त्यांना भारी शौक. देवाच्या हातातलं साधं कमळ असो, वकीलसाहेब त्याची एकेक पाकळी सोडवून लोकांपुढं मांडणार. लोकांनाही ते आवडायचं. आपण रोज ज्याला नुसतं हात जोडतो त्याच्यात एवढं भरलंय, हे कळलं की कुणाला बरं वाटणार नाही?

त्या साली पाचव्या माळेला माहूरच्या रेणुकेची कथा होती. रेणुका रोज नदीवर जायची, ओल्या वाळूची घागर घडवायची, जिवंत सापाची चुंबळ करून ती डोक्यावर घ्यायची. एक दिवस पाण्यात गंधर्वांचा खेळ चाललेला दिसला. घटकाभर मन तिकडं गेलं, आणि हातातली वाळू काही केल्या जमेना. जमदग्नी संतापला, मुलांना म्हणाला, उडवा हिचं मस्तक. थोरले नाही म्हणाले, त्यांना शाप मिळाला. धाकट्या परशुरामानं मात्र परशू उचलला.

"आता अर्थ बघा," वकीलसाहेब म्हणाले. "वाळू म्हणजे आपले विचार, सगळे सुटे सुटे. ध्यान लागलं की त्यांचीच घागर होते. साप म्हणजे वासना. तिला नीट गुंडाळून बसवलं की ती मुकाट्यानं ओझं पेलते. आणि मस्तक उडवणं म्हणजे अहंकार उडवणं! म्हणून तर माहूरला आपण आईचं नुसतं मुख पुजतो."

"वाहवा, वकीलसाहेब, क्या बात है!" पुढं बसलेले चन्नबसप्पा सावकार म्हणाले.

मग एका दमात वकीलसाहेबांनी सांगून टाकलं, की पुढं बापानं प्रसन्न होऊन वर दिला, आई उठून बसली, बोला रेणुकामाता की जय. दर साली ही कथा ते इथंच आवरती घ्यायचे. अहो, सापाच्या चुंबळीवर अर्धा तास बोलणारा माणूस वरावर चार शब्द बोलत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एकाच्या आलं. आरती झाली, गर्दी पांगली, आणि मागच्या खांबापासून एक किडकिडीत माणूस उठून पुढं आला. डोक्यावरची काळी टोपी उन्हानं तांबूस पडलेली. रेणुकादासांचा थोरला भाऊ उद्धव, लातुरात मास्तरकी करणारा. बापानं घराबाहेर काढल्यापासून त्यानं नांदेडात पाऊल टाकलं नव्हतं.

"चांगला अर्थ लावतोस रे दासू," तो म्हणाला. "वाळूचा लावलास, सापाचा लावलास. वराचा कोण लावणार?"

"दादा, घरी चल. जेवताना बोलू."

"इथंच बोलतो. बाप म्हणाला, माग. परशुरामानं काय मागितलं? आई परत द्या, आणि मी तिला मारलं हे तिच्या ध्यानात राहू देऊ नका. एवढंच ना? तुलाही बाप म्हणाला होता, माग. तू काय मागितलंस?"

रेणुकादास समईची वात सारखी करायला वळले. 

काय घडलं होतं ते सांगतो. पंचवीस-सव्वीस वर्षांमागची गोष्ट. वडील मार्तंडराव तहसिलीत पेशकार, आणि सोवळ्याओवळ्यात असे कडक की घरात मांजरसुद्धा अंग चोरून चालायचं. त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. त्या दिवशी स्वयंपाकाला पाणी गंगेचंच, म्हणजे गोदावरीचंच लागे, तेही घरच्या सुनेनं सोवळ्यात आणलेलं. रेणुकादासांची आई, गोदूबाई, पहाटे घागर घेऊन घाटावर गेली. गावात पटकीची साथ होती. पायऱ्यांवर कुणी एक म्हातारी पडली होती, पाणी पाणी करत होती. गोदूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि घागरीतलं पाणी तिच्या तोंडात घातलं. म्हातारीनं तिथंच डोळे मिटले. गोदूबाईनं घागर पुन्हा बुडवून भरली आणि घरी आली. पुन्हा अंघोळ केली नाही. गंगेत उभीच तर होते, आणखी कसली अंघोळ, असं त्या भोळ्या बाईला वाटलं. त्याच पाण्यावर स्वयंपाक झाला, ब्राह्मण जेवून उठले, आणि संध्याकाळी तिनं आपण होऊन नवऱ्याला सांगितलं, बिचारी पाणी पिऊन गेली हो!

मार्तंडराव थरथर कापायला लागले. माझ्या आईच्या तोंडचा घास बाटवला म्हणाले. उद्धवला हुकूम सोडला, हिला देगलूरला माहेरी नेऊन टाक, या घरात ही पुन्हा नको. उद्धव म्हणाला, "मी नाही नेणार. आईनं पाप केलेलं नाही." त्याच रात्री तो घराबाहेर झाला. मग हुकूम धाकट्याला झाला. रेणुकादासांनी बैलांची दमणी जुंपायला सांगितली.

बिलोलीच्या पुढं मुक्काम पडला तेव्हा आईनं विचारलं, "दासू, मला न्यायला कधी येशील रे?"

"चार दिवसांत येतो, आई. बाबांचा राग उतरू दे."

खरंच यायचं होतं त्यांना. पण परत आल्यावर मार्तंडरावांनी पाठीवर हात ठेवला. जन्मात कधी ठेवला नव्हता. म्हणाले, "तू एक माझा खरा मुलगा. माग, काय पाहिजे." आणि त्या मुलानं हैदराबादेला जाऊन वकिलीचा इम्तहान द्यायची परवानगी मागितली. आईला नंतर आणू, आधी हे साधून घेऊ, असं मनाशी म्हणाला. मग इम्तहान झाला, सनद मिळाली, लग्न झालं. बाप जिवंत होता तोवर बापाची भीती होती. बाप गेल्या साली गेला, तेव्हापासून आईला तोंड दाखवायची भीती होती. भीतीला काय हो, एक गेली की दुसरी तयारच असते.

"मी दोनदा गेलो आणायला," उद्धव म्हणाला. "माझ्याबरोबर येत नाही. का येत नाही ते तूच जाऊन विचार. आणि लवकर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेणुकादास देगलूरच्या मोटारीत बसले. रस्ताभर मनात बाजू मांडत होते. असं म्हणू, तसं म्हणू. शेवटी सगळं टाकून दिलं. नुसते पाय धरायचे ठरवलं. ती रागावेल, बोलेल, हवं तर थोबाडीत मारेल. मारू दे. पण घेऊन यायचं, आणि एकदा तिच्या तोंडून ऐकायचं, जा, माफ केलं.

मामाच्या घरी मामेभावाची बायको कुसुम दारात आली. वकीलसाहेबांना बघून डोळ्याला पदर लावला.

"फार उशीर केलात, भावजी. आत्याबाईंना आता काही आठवत नाही. त्यांचं कुंकूसुद्धा आम्ही पुसलं नाही. तुमचे वडील गेले हे सांगितलं की रडतात, अन् सकाळी विसरतात. रोज नव्यानं कशाला रडवायचं?"

आई ओसरीवर बसली होती. मुठीएवढी झालेली. शेजारी लुगड्याचं गाठोडं, गाठ घट्ट मारलेलं. रेणुकादासांनी पाय धरले तशी ती अंग चोरून मागं सरली.

"अगं बाई, असं काय करता? उठा, उठा. कोणत्या गावचे?"

"नांदेडचा."

"नांदेडचे?" तिचा चेहरा उजळला. "मग आमच्या दासूला ओळखत असाल! माझा धाकटा. लई हुशार हाय. वकील होणार म्हणतो."

"आई, मीच दासू."

ती हसायला लागली. "काय थट्टा करता हो म्हातारीची! तुमचे केस पिकलेत. त्याला आत्ता कुठं मिसरूड फुटतेय."

"मी तुम्हाला न्यायला आलोय. चला नांदेडला."

"नको बाबा. परक्या माणसाबरोबर कशी येऊ? आणि तो आला अन् मी नसले तर? चार दिवसांत येतो म्हणालाय. थोरला आला होता, त्यालाही हेच सांगितलं. धाकट्यानं शब्द दिलाय, तोच नेणार."

"पण त्यानंच तुम्हाला इथं आणून टाकलं ना?" रेणुकादासांचा आवाज चिरकला. "दमणीत घालून? त्याचा राग नाही येत?"

"टाकलं? छे हो! मी माहेरपणाला आलेय. गुणाचं लेकरू हाय ते माझं. त्यानं मला कधी दुखवलं न्हाई."

परशुरामाला मागावा लागलेला दुसरा वर रेणुकादासांना असा न मागता मिळाला. आईच्या ध्यानात काहीच राहिलं नव्हतं. पहिला मात्र त्यांनी वेळेवर मागितला नव्हता, आणि आता द्यायला कुणी उरलं नव्हतं. देवळात इतकी वर्षं ज्या गोष्टीचे अर्थ सांगितले, तिच्यातलं एक अक्षरही आपल्याला कळलं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

कुसुमनं पानं घेतली. देवीच्या नैवेद्याला पुरणाचे कडबू केले होते. आईनं आपल्या हातानं एका ताटात चार कडबू काढून ठेवले, वर तुपाची धार सोडली आणि ते ताट दुसऱ्या ताटानं झाकून बाजूला सरकवलं.

"हे दासूचं," ती म्हणाली. "त्याला फार आवडतात. तुम्ही घ्या, पाहुणे, लाजू नका."

वकीलसाहेबांनी पुढ्यातल्या ताटातला कडबू मोडला. आई पदरानं त्यांना वारा घालत होती आणि तिची नजर रस्त्याकडं लागली होती.

"सावकाश जेवा," ती म्हणाली. "तेवढ्यात तोही येईल."