पायरीवरची ताई

दुकानदाराने आतलं स्टूल स्वतःच उचलून बाहेर आणलं आणि पायरीशी टेकवलं.

"ऊन चढलंय, ताई. निदान यावर तरी बस."

"तुझ्याच स्टुलावर बसून तुझंच गिऱ्हाईक परत पाठवू होय?" थोरली बहीण जागची हलली नाही.

राज्य परक्यांचं आणि कापडही त्यांच्याच गिरण्यांचं. ते विकू नका, म्हणून चार दिवस बायका पेठेतल्या दुकानांपुढे ठाण मांडून होत्या. ताईने भावाचं दुकान मागून घेतलं होतं. तिला ओलांडून आत शिरायची कुणाची छाती होत नव्हती. चळवळीला तोही गुपचूप मदत करायचा; पण भरलेल्या कपाटांचं काय करायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

दुपारी फौजदार छापील कागद घेऊन आला.

"वाट अडवल्याची तक्रार द्या, शेठ. सही केलीत की बाईंना घेऊन जातो."

ताई केव्हाच उठून उभी होती. तुरुंगात लागतील म्हणून बांधून आणलेले कपडे तिने काखेत मारले.

"कसली तक्रार?" दुकानदार म्हणाला. "बहीण आहे माझी. घरचा निरोप घेऊन आलीय."

फौजदार कागदाची घडी करून निघून गेला. ताई मात्र लालबुंद झाली.

"घरचा निरोप! चार दिवस उन्हात तापले ती यासाठी?"

"अगं, आत टाकलं असतं तुला."

"टाकू दे की! तुला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं?"

ती तरातरा चालती झाली.

दुसऱ्या दिवशी ती समोरच्या दुकानापुढे बसली. इकडची वाट मोकळी झाली, गिऱ्हाईक येऊ लागलं. झालं ते बरंच झालं, असं तो स्वतःला बजावत राहिला.

अकराच्या सुमाराला फौजदार परत आला. समोरच्या व्यापाऱ्याने मान वर न करता सही ठोकली. गाडीत चढताना ताईने एकदाच इकडे पाहिलं आणि लहानपणी शर्यतीत त्याला मागे टाकल्यावर हसायची, तशी हसली.

गाडी कोपऱ्यावरून वळली.

"मलमल दाखवताय ना?" गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

त्याने उलगडलेला तागा सावकाश गुंडाळला.

"दुकान बंद आहे."

"अहो, दार तर सताड उघडं आहे!"

तोवर तो पायरी उतरून रस्त्यावर आला होता.