मातीची मुंबई

भिंगारच्या शाळेत भूगोल शिकवणारे यज्ञेश्वर मास्तर भुताखेतांचं नाव काढलं की असे खवळत, की खरंच एखादं भूत असतं तर तेच वेशीबाहेर पळालं असतं. मुहूर्त बघितलेला त्यांना खपत नसे. इंदूबाई बिचाऱ्या पंचांग डब्यांच्या मागं लपवून ठेवत. अशा माणसाच्या वाट्याला हे यावं, आता काय म्हणावं!

सन चव्वेचाळीसचा एप्रिल. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. दरवर्षीसारखा मास्तरांनी शाळेच्या अंगणात मातीचा पश्चिम किनारा घातला. सह्याद्रीच्या जागी दगड रचले, समुद्राच्या जागी चर खणून त्यात नीळ कालवलेलं पाणी ओतलं. मग ज्या शहराचं पोट ज्यावर चालतं, ती वस्तू त्या शहरावर ठेवली. उरणावर मीठ, पनवेलवर तांदूळ, रत्नागिरीवर कैरी, मालवणावर सुकी मासळी, आणि मुंबईवर पिंजाऱ्याकडून आणलेला कापसाचा गोळा.

"मुंबई कशावर जगते?" मास्तर विचारत.

"कापसावर!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत.

मास्तरांना तेव्हा हमखास जावई आठवे. शामकांत मुंबईच्या गोदीत कापसाच्या गुदामावर कारकून होता. लेक नीलांबरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली; आता तान्ह्याला घेऊन गुरुवारी रात्रीच्या गाडीनं ती परत जायची होती.

सोमवारी सकाळी बघतात तो मुंबईवरचा कापूस जळून काळा पडलेला. "कुठल्या गाढवानं विडी टाकली?" मास्तर गरजले. शिपाई गहिनीनाथानं गळ्याला हात लावला. "आईच्यान मास्तर, फाटकाला कुलूप हुतं!" मास्तरांनी नवा कापूस ठेवला. मंगळवारी तोही जळालेला, आणि शेजारचे मीठ-तांदूळ मात्र जसेच्या तसे. त्याहून नवल पाण्याचं. आमची नगरची जमीन कसली, घागरभर ओता, घटकेत पिऊन मोकळी! पण चरातलं पाणी कालपासून आटलं नव्हतं. मास्तरांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं.

"मास्तर, तेवढी म्हमई पुसून टाका," गहिनीनाथ हळूच म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय."

"तू जा, माठ भर!" मास्तर खेकसले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

बुधवारी भर दुपारी वर्ग अंगणात बसला. ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं. "मुंबई कशावर जगते?" मास्तरांनी विचारलं. सगळी पोरं खाली बघत होती. पुन्हा नव्यानं ठेवलेल्या कापसाच्या पोटातून धुराची बारीक रेघ वर चढत होती. वारा नसताना चरातलं पाणी हळूहळू हेलकावत होतं, आणि अंगणभर डांबराचा नि ओल्या दोरखंडांचा वास सुटला होता. मास्तरांनी धीर करून गोळा उचलला. खालची माती चुलीसारखी तापलेली. हात भाजला तसा त्यांनी गोळा फेकला, आणि मास्तर, आपले यज्ञेश्वर मास्तर, पोरांदेखत मटकन खाली बसले.

हे सांगणार कुणाला? घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "नीलू, उद्या निघायचं नाही. दिवस बरा नाही."

"अहो, तुम्ही दिवस कधीपासून बघायला लागलात?" इंदूबाई थक्कच झाल्या.

"आजपासून!" ते एवढ्यानं ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. नीलांबरीनं गयावया केली, ती रुसली, उपाशी निजली. मास्तर हटले नाहीत. त्यांनी जावयाला तार ठोकली, नीलू पुढच्या आठवड्यात येईल.

शनिवारी भिंगारच्या लष्करी छावणीतले सोल्जर कुजबुजायला लागले. शुक्रवारी दुपारी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज उडालं, पेटलेल्या कापसाच्या गाठी आभाळातून पडल्या. मास्तरांचा जीव जावयापायी कासावीस झाला. पण पाळण्याशी बसलेली लेक दिसली की मनात यायचं, वाचली माझी पोर, मीच वाचवली. असं वाटल्याची त्यांना लाजही वाटे.

पुढच्या आठवड्यात शामकांतचा धाकटा भाऊ नृसिंह दारात उभा राहिला. त्याचं तोंड बघूनच इंदूबाईंनी हंबरडा फोडला.

"दादानं शुक्रवारची रजा काढली होती," पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला. "वहिनीला स्टेशनावर उतरवून घ्यायचं, दिवसभर बाळापाशी बसायचं, असं ठरवलं होतं. तुमची तार आली. मग म्हणाला, रजा फुकट कशाला घालवायची, ती येईल तेव्हा काढू. आणि गेला कामावर."

मास्तर कसेबसे म्हणाले, "तुला वाचवायला गेलो, नीलू."

नीलांबरी रडत नव्हती. "आमची खोली गिरगावात आहे, अण्णा," ती म्हणाली. "तिथं कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आम्ही तिघंही घरीच असतो."