पोत्यातली कोंबडी

भोंग्याला टेबलाशी खुर्ची मिळाली होती, पण फक्त आजच्यापुरती.

दर शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून तिथे वहिनीचा खेळ मांडला जाई. कागदावर आपापलं पात्र लिहायचं, फासे टाकायचे आणि वहिनी सांगेल त्या जगात डोंगर, भुयारं, राक्षस पार करत जायचं. वहिनी दातांच्या कवळ्या बनवायची, त्यामुळे तिचे राक्षस म्हणजे प्लास्टरचे जबडे! कुणाच्या तरी खऱ्या तोंडाच्या मापाचा तो पांढरा जबडा टेबलावर आ वासून बसला की भोंगा अर्धी दाराआड जायची. आजवर तिने हे सगळं दारात उभं राहून पाहिलं होतं, कारण "ही बोलायला लागली की राक्षस पळून जाईल," असं दादाचं म्हणणं होतं.

खरं तर गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायची. मग शाळेच्या नाटकात तिला म्हातारीचं काम मिळालं, आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला, टाळ्या पडल्या, आणि तो आवाज जो चढला तो काही उतरला नाही. घरात तिचं नाव भोंगा पडलं. ती ते पदवीसारखं मिरवायची.

"आज खेळून बघ," वहिनी म्हणाली होती. "खेळ संपला की मत घेऊ. सगळे हो म्हणाले तर खुर्ची कायमची तुझी."

सगळे म्हणजे वहिनी, दादा आणि वकील. वकील दादाचा मित्र. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, कोर्टाची पायरी त्याने उभ्या जन्मात चढली नव्हती. पण खेळाच्या नियमांचं पुस्तक त्याला असं तोंडपाठ होतं की वहिनीने हरकत घ्यायच्या आत तो "नियमात आहे" म्हणून मोकळा व्हायचा.

आणि नियमात खरंच असायचं! प्रत्येक पात्राला एक कमजोरी लिहावी लागे. त्या कमजोरीपायी पात्र गोत्यात आलं की शिवणाच्या डब्यातलं एक बटण मिळे. बटण परत केलं की चुकलेला फासा पुन्हा टाकता येई. दादाच्या चोराची कमजोरी होती झोप. दादाने त्यावर फारसं डोकं खाजवलं नव्हतं. वकिलाच्या योद्ध्याची कमजोरी: कोंबडीला घाबरतो.

मग या पठ्ठ्याने काय करावं? पहिल्याच गावात एक कोंबडी उचलली, पोत्यात कोंबली आणि पोतं खांद्याला लटकवून निघाला!

आता खिंडीत राक्षस समोर उभा होता आणि लढाई अशी चालली होती:

"पोत्यात डोकावतो," वकील म्हणाला. "घाबरतो. बटण."

वहिनीने बटण दिलं. वकिलाने फासा टाकला. चुकला.

"हे घे बटण. पुन्हा टाकतो. हां, लागला वार! आता पोत्यात डोकावतो. घाबरतो. बटण."

"अरे, निदान घाबरून तरी दाखव!" वहिनी वैतागली.

"घाबरतो म्हटलं ना. दाखवायचं कुठे लिहिलंय?"

दादाचा चोर झोपला होता आणि दादाही त्याच वाटेवर होता. वहिनी सूड म्हणून दर वेळी पोत्यातून कोंबडीचा आवाज काढत होती. आधी तो चांगला खणखणीत होता. आता नुसतं बारीक "कुक्" यायचं, दमल्यासारखं.

"भोंग्या, तुझी पाळी."

वकील तिच्या कानाशी वाकला. "तू फक्त 'थांबते' म्हण. माझ्या एका वारात राक्षस आडवा. आणि मग माझं मत तुझ्या खिशात. काय?"

'थांबते.' एवढाच शब्द! भोंग्याने खुर्चीची कड घट्ट धरली. किती छान खुर्ची होती ती, एक पाय डुगडुगता असला म्हणून काय झालं. तिने समोरचा कागद पाहिला. स्वतःच्या हाताने तिने लिहिलं होतं: पुलाखाली राहणारी म्हातारी. कमजोरी: बांधलेलं जनावर दिसलं की सोडल्याशिवाय राहवत नाही.

"कुक्," वहिनी म्हणाली.

मेलं ते मत!

"अगं माझी बाय ती!" शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज फुटला. दादा दचकून उठला. "श्वास कोंडला ना गं तुझा? थांब हं, ही म्हातारी आली!" आणि तिने हवेतल्या हवेत पोत्याची गाठ सोडली.

"कोंबडी सुटली," वहिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दिवाळखोराला लॉटरी लागल्याचा आनंद होता. "भोंग्या, घे बटण."

"बघा, बघा!" वकील उभाच राहिला. "म्हणजे हिनेही बटणासाठीच केलं!"

"नको मला बटण!" तिने ते परत डब्यात टाकलं. टण्ण. मग कंबर वाकवून, मान हलवत ती वकिलाकडे वळली. "तू मला एक सांग रे बाळा. एवढा दांडगा तू. कोंबडीला का घाबरतोस?"

"ते नियमात नाही."

"मी नियमाला कुठे विचारतेय? तुला विचारतेय."

वकिलाने पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तक गप्प होतं.

"तो लहान असताना..." त्याने पुस्तक मिटलं. "म्हणजे त्याच्या अंगणात एक होती. तो जेवायला बसला की यायची. ताटातलं पळवायची. आई हसायची. सगळेच हसायचे." त्याने फासा उचलला. "मी नाही हसायचो."

वहिनीने प्लास्टरचा जबडा पुढे सरकवला.

"राक्षस पाय उचलतो," वहिनी हळूच म्हणाली. "खाली कोंबडी आहे."

"ढाल!" वकील ओरडला. "मी मध्ये पडतो! घाबरत घाबरत पडतो!" आणि खरोखरच त्याने डोळे गच्च मिटले. त्याने फासा टाकला. एक. त्याहून वाईट काही पडूच शकत नव्हतं. आणि शेवटचं बटण त्याने मघाच्याच वारात उडवलं होतं.

योद्धा मेला. पण काय मेला! वकील खुर्चीवरून घसरला, फरशीवर आडवा झाला, म्हातारीचा हात धरून आईला निरोप दिला, तलवार दादाच्या नावे केली, मग आठवण झाली म्हणून पुन्हा कण्हला. दादाने डोळे पुसले. राक्षस एवढा गोंधळला की, वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे, निघूनच गेला.

"आता मत," वहिनी म्हणाली. तिचा आणि दादाचा हात वर गेला.

भोंग्याने फरशीकडे पाहिलं.

"मेलेल्याला मत नसतं," खालून आवाज आला. "नियमात आहे. उरलेले दोघे हो म्हणाले. झालं एकमत."

"आणि मत असतं तर?"

"तर नाही म्हणालो असतो. माझी कोंबडी सोडलीस तू!" वकील उठून बसला आणि त्याने कोरा कागद ओढला. "वहिनी, मला नवीन पात्र हवंय. मी कोंबडी होतो."

"कोंबडी नाही होता येत!"

"कुठे लिहिलंय?" तो लिहूही लागला होता. "कमजोरी: योद्ध्यांना घाबरते."

वहिनीने बटणांचा डबा उचलून मांडीखाली लपवला.

"ये गं माझी बाय," भोंगा म्हणाली आणि डुगडुगती खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसली.