अण्णाची सेन्सी

सोलापुरात स्टेजवर अमरनाथअण्णाला विचारलं, "तुमची सेन्सिटिव्हिटी किती, आणि कशी ठरवली?" तर तो म्हणला, "तीन. ठरवायचं काय त्यात? हाताला आपोआप कळतं." टाळ्या पडल्या. म्या पण वाजवल्या. हाताला कळतं म्हणे! त्याच्या हाताला काय कळतं ते मला विचारा.

अमरनाथ माझा थोरला भाऊ. आमी जळकोटचे. हायवेला वडलांचं, अप्पाचं, किराणा दुकान, मागं घर, मधल्या खोलीत टीव्ही अन् अण्णाचं प्लेस्टेशन. कंट्रोलर एकच. सकाळ-संध्याकाळ तो अण्णाचा, अन् दुपारी अण्णा दुकानात बसला की माझा. आमच्यात ताटंसुद्धा आधी गड्यांची वाढतात, मग बायांची. कंट्रोलरचं वेगळं कशाला असंल?

बंदुकीच्या गेममध्ये उजव्या अंगठ्याखालची स्टिक हलवली की नेम फिरतो. किती जोरात फिरायचा, तो आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. आमी सगळी सेन्सीच म्हणतो. आकडा मोठा ठेवला तर अंगठा जरा हलला तरी नेम गर्रकन फिरतो. बारका ठेवला तर नेम थिर राहतो, पण पाठीमागून कुणी आलं तर वळंपर्यंत तुम्ही मेलात. ज्याच्या त्याच्या हातावर असतं ते. माझा हात हलका, मी सहावर खेळायचे. मागं पाऊल वाजलं की वळून मारायचे. माझा सगळा खेळच तो होता.

अण्णा खेळायचा नऊवर. का, तर यूट्यूबवरचा कोण एक पोरगा नऊवर खेळतो, अन् कमी आकडा म्हणजे बायकी. अंगठा बघावा तर तेलाच्या डब्याचं झाकण आत दाबणारा. स्टिक पार कडेला नेऊन भिडवायचा. नेम माणसाला सोडून पलीकडं, परत आणायला गेला की अलीकडं. मग कंट्रोलरला शिव्या. नाचता येईना अंगण वाकडं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका टीमनं स्पर्धा ठेवली. आधी ऑनलाईन फेऱ्या, मग शनिवारी सोलापुरात फायनल. रविवारी त्याच हॉलात मुलींच्या टीमची ट्रायल, तिला नुसतं नाव द्यायचं होतं. म्या दिलं. अप्पा म्हणले, "एकटी जायचं न्हाय. अमर निवडला तर त्याच्यासंगं जा."

म्हणजे अण्णा हरला की माझी ट्रायल गेली.

मग बसले त्याच्या मागं बघत. घोडं कुठं पेंड खातंय ते दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणलं, "अण्णा, सेन्सी कमी कर."

"आता तू शिकव मला!"

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. सांगून ऐकायचा न्हाय, म्हणून म्या न सांगता केलं. दर दोन दिवसाला सेटिंगमध्ये जाऊन अर्धा आकडा खाली. तो कधी सेटिंग उघडून बघायचा न्हाय. पण आकडा खाली घ्यायच्या आधी तपासायला तर पाहिजे, न्हायतर ऐन फेरीत फसायचा. त्याला बसवून तपासता येत नव्हतं, म्हणून दुपारी मीच अण्णा व्हायचे. अंगठा जड करायचा, स्टिक त्याच्यासारखी कडेला भिडवायची. नेम गेममधल्या एका खांबावर ठेवून खांबाभोवती गोल चालायचं. नेम खांब सोडून पळाला की आकडा अजून खाली. त्यातनं वेळ उरला की माझे सहा लावून माझं खेळायचे.

एकदा सहा तसेच राहिले. संध्याकाळी अण्णाची फेरी, तो तीनदा मेला अन् "शिवीनं दुपारी कायतरी केलंय ह्यात" म्हणत कंट्रोलर गादीवर आपटला. अव्वा, आमची आई, पिठाच्या हातानं धावत आली. "तुझं कशाला घालून ठेवतीस त्यात? पोराचं नशीब बिघडवतीस का?" फेरी कशीबशी निघाली. पण त्या दिवसापासनं म्या माझे सहा लावलेच न्हाईत. दोन बटणं दाबायची होती, कंटाळा नव्हता. भ्या वाटायचं, परत विसरले तर? दीड महिना मी दुपारभर अण्णाच्याच आकड्यावर खेळले. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, पण ते तवा कळलं न्हाय.

तीनवर त्याचा हात बसला. तिथनं पुढं तो हरलाच न्हाय. "हात वळला बघ माझा," म्हणायचा. मला बरं वाटायचं, खरंच वाटायचं. सोलापूरच्या एसटीत म्या सांगितलं, "तिथलं मशीन नवीन असंल. तीन लाव."

"तीन? मी तीनवर खेळतोय?" मग म्हणला, "व्हय, मीच कमी केली असंल मधी."

शनिवारी तो निवडला गेला. पुण्याला राहायचं, टीममध्ये खेळायचं. ट्रॉफी हातात घेऊन त्यानं ते हाताला कळल्याचं सांगितलं. मनात म्हणलं, जाऊ दे, सांगू दे. उद्या माझं हाय.

रविवारी ट्रायल घेणारी सृष्टी नावाची पोरगी होती, त्यांच्याच टीममधली. म्हणली, "आपापली सेन्सी लावून घ्या. दोन मिनिटं." म्या सहा लावले. अंगठा टेकवला अन् नेम आभाळात. परत आणला तर जमिनीत. पाच केले, तरी भिंतीवर. माझाच अंगठा माझं ऐकंना. शेवटी तीन लावले तवा नेम थिर झाला, अन् वेळ संपली.

पाच डाव खेळले. पाची डावात पाठीमागून मेले. पाऊल ऐकू आलं होतं, पाची वेळा. मी वळतच होते.

सृष्टीनं बाजूला घेतलं. "कालचा अमरनाथ तुझा भाऊ का? हुबेहूब त्याचाच अंगठा चालवतेस. त्याचा हात जड आहे, त्याला तीन बरोबर आहेत. तुझे कान इतके तयार आहेत, मग त्याची सेन्सी कशाला उचललीस? स्वतःची शोध. पुढच्या वर्षी ये."

पुढच्या वर्षी अण्णा पुण्यात. मला कोण आणणार होतं? अन् उचललीस म्हणली ती. उचललीस! तिला सगळं सांगायचं होतं, पण सांगितलं असतं तर हरली म्हणून बोलती असंच वाटलं असतं तिला.

सोलापूर स्टँडवर अण्णानं मला रसाचा ग्लास आणून दिला. त्याला माझं वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. त्याचाच जास्त राग आला. त्यानं घरी फोन लावला, स्पीकरवर. "अव्वा, शिवी न्हाय निवडली. माझं बघून तीन लावले बघ तिनं. कॉपी करून कुठं जमतं व्हय? मला विचारलं असतं तर मी बसून तिची सेन्सी काढून दिली असती."

"शिवे," अव्वा तिकडनं म्हणली, "अण्णाला विचारायचं न्हाय का गं?"

अण्णानं फोन माझ्या तोंडापुढं धरला.

"व्हय अव्वा," म्या म्हणलं. "चुकलं माझं."